आधी गाडी उलटी करा : रॅलीच्या स्लॉट कार जमवायला बसणाऱ्यांसाठी

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नवखं गिऱ्हाईक लांबूनच ओळखू येतं. ते घोड्याची आयाळ बघत उभं असतं. जाणता माणूस आधी जबडा उघडून दात बघतो, मग खूर उचलतो आणि त्यानंतरच भावाचं बोलतो. स्लॉट कार घेताना पहिली दोन वर्षं मी आयाळच बघत होतो. रंग, दारावरचा नंबर, पुढचे चार दिवे, झालं. त्यात जे पैसे गेले ते गेले. आता जळगाव-भुसावळकडची दोन-चार पोरं या नादाला लागली आहेत आणि भेटलं की पहिला प्रश्न तोच : "भो, सुरुवात कुठून करू?" म्हणून एकदाचं लिहून काढतो.

ज्यांना हे प्रकरणच ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ट्रॅकला एक खाच असते. गाडीच्या पोटाखालचं प्लॅस्टिकचं पातं, म्हणजे गाइड, त्या खाचेत बसतं. खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यांतून साधारण १२ ते १५ व्होल्ट डीसी येतो. गाइडच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या बारीक तारांच्या विणलेल्या पट्ट्या असतात, त्या ट्रॅकवरून वीज उचलून मोटरला देतात. या पट्टीला ब्रेड म्हणतात. (आमच्या घरात त्यावरचे विनोद अजून संपलेले नाहीत.) हातातल्या कंट्रोलरचा घोडा जितका दाबाल तितका वेग. स्टिअरिंग नाही. वळणाच्या किती आधी बोट सैल करायचं, सगळं कसब त्यात.

हा खेळ घराघरांत नेला तो ब्रिटनच्या स्केलेक्स्ट्रिकने. फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली तो बाजारात आणला, तेव्हा गाड्या पत्र्याच्या होत्या. स्पेनमध्ये एक्झिन कंपनीने १९६२ पासून त्याच नावाने गाड्या काढल्या, जर्मनीत १९६३ ला करेरा आली. रॅलीच्या गाड्यांचं खरं वेड स्पेनचं. एससीएक्स, निन्को, फ्लाय, टीम स्लॉट ही सगळी तिकडची नावं. जुन्या गाड्यांच्या याद्या चाळताना ती वारंवार भेटतील, म्हणून आताच कानावर घालून ठेवतो.

पहिली पायरी : एकच माप धरा

१:३२ धरा. १:२४ सुंदर असतं पण जागा खातं, १:४३ आणि १:६४ मध्ये रॅलीच्या गाडीची मजा हरवते. १:३२ म्हणजे काय, हे मोजपट्टी घेऊन बघा. खरी जुनी मिनी जेमतेम ३.०५ मीटर लांब, तिचं मॉडेल साडेनऊ सेंटिमीटर. ऑडी क्वात्रो ४.४० मीटर, मॉडेल पावणेचौदा सेंटिमीटर. हे गणित पाठ असलं की फोटो बघूनच कळतं, बनवणाऱ्याने गाडी मोटर बसवण्यासाठी फुगवली आहे की मापात ठेवली आहे. जुन्या मिनींमध्ये हा घोळ बराच आहे. इवलीशी गाडी, आत मोटर मावत नाही, मग बॉडी फुगते.

डिजिटल की अ‍ॅनालॉग, हा दुसरा फाटा. डिजिटलमध्ये गाडीतल्या चिपमुळे एकाच खाचेत अनेक गाड्या पळतात, अ‍ॅनालॉगमध्ये एका खाचेत एकच. जुन्या संग्राह्य गाड्या जवळजवळ सगळ्या अ‍ॅनालॉग. तीच वाट धरा. मित्राकडे डिजिटल ट्रॅक असेल तर चिप न बसवलेली जुनी गाडी हौसेनेही त्यावर ठेवू नका, मोटर जाते.

दुसरी पायरी : काळ निवडा, रंगाला भुलू नका

"जमेल ती घेतो" म्हणणाऱ्याचं कपाट भंगारवाल्याच्या दुकानासारखं दिसू लागतं. एखादा काळ किंवा एखादी रॅली धरा आणि त्यातल्या पाच गाड्यांची नावं कागदावर लिहा. माझ्या मते नवख्याने निवडण्यासारखे तीन कप्पे आहेत.

पहिला मोंटे कार्लोच्या मिनींचा. १९६४ साली पॅडी हॉपकर्कने मिनी कूपर एस घेऊन मोंटे कार्लो जिंकली. लाल गाडी, पांढरं छप्पर, दारावर ३७, पाटी ३३ ईजेबी. मॉडेलवर ही पाटी आणि हा नंबर जुळतात का, बघा. जुळत नसतील तर ती नुसती लाल मिनी आहे. १९६५ आणि १९६७ लाही मिनीच जिंकल्या. मधल्या १९६६ ला पहिल्या तीनही मिनीच आल्या आणि दिव्यांच्या नियमावरून तिन्ही बाद झाल्या. त्यामुळे मिनीच्या मॉडेलचे पुढचे दिवे बघताना मला दर वेळी हसू येतं.

दुसरा कप्पा सत्तरच्या दशकाचा. जागतिक रॅली स्पर्धा १९७३ ला सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी निर्मात्यांचं विजेतेपद अल्पीनने ए११० वर नेलं. पुढची तीन वर्षं, १९७४ ते १९७६, लान्शिया स्ट्रॅटोसची. सान्द्रो मुनारीने १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीनदा मोंटे कार्लो स्ट्रॅटोसवर मारली. हिरव्या-लाल पट्ट्यांची पांढरी, अलितालिया या विमान कंपनीच्या रंगातली स्ट्रॅटोस हे बहुतेकांचं पहिलं प्रेम, माझंही. याच कप्प्यात फोर्ड एस्कॉर्ट. १९७९ चं निर्मात्यांचं विजेतेपद तिचं.

तिसरा कप्पा ग्रुप बीचा, म्हणजे फारशी बंधनं नसलेल्या दांडग्या रॅली गाड्यांच्या वर्गाचा, १९८२ ते १९८६. क्वात्रो, लान्शिया ०३७, प्यूजो २०५ टी१६, एमजी मेट्रो ६आर४, फोर्ड आरएस२००, डेल्टा एस४. १९८६ ला पोर्तुगालमध्ये गाडी प्रेक्षकांत घुसली, मग कॉर्सिकात हेन्री टोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जियो क्रेस्तो गेले, आणि तो वर्गच बंद झाला. जेमतेम पाच वर्षांचा काळ असल्याने पुरा करता येण्यासारखा हाच कप्पा. मात्र मागणीही त्यालाच, भावही त्यालाच.

क्वात्रोबद्दल एक गंमत सांगतो. चारही चाकं ओढतात म्हणून ती गाडी गाजली. मिशेल मूतोंने १९८१ ची सानरेमो रॅली क्वात्रोवर जिंकली, जागतिक स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली बाई. क्वात्रोच्या मॉडेलमध्ये मात्र बहुतेक वेळा फक्त मागचीच चाकं फिरतात. निन्को आणि एससीएक्सच्या काही गाड्यांमध्ये चारही चाकांना जोर दिलेला असतो. मागणी नोंदवताना विचारून घ्या, नाहीतर घरी आल्यावर चुकचुकत बसाल.

यापलीकडे एक कप्पा माझा स्वतःचा आहे, पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीचा. केनियात वाढलेला जोगिंदर सिंग १९६५ ला व्होल्वोवर, १९७४ आणि १९७६ ला मित्सुबिशी लान्सरवर सफारी जिंकला. दाढी-पगडीतला आपला माणूस त्या लाल धुळीतून पहिला येतो, हे वाचल्यापासून त्या लान्सरचं मॉडेल मी शोधतोय. मिळालं तर कळवीनच.

तिसरी पायरी : घेताना

इथे जरा थांबू, कारण पैसे इथेच बुडतात.

धुळ्यात एका घरी जुना संच विकायचा आहे, असा निरोप आला म्हणून मी गेलो. चहा झाला. मालकांनी डब्यातून एस्कॉर्ट काढून टेबलावर ठेवली. रंग चकचकीत, आरसे दोन्ही जागेवर. "काढलीच नाही हो डब्यातून कधी," ते म्हणाले. मी गाडी उचलली आणि उलटी केली. दोन्ही ब्रेडची पुढची टोकं काळी पडून पिसारली होती. गाइडचं पातं डावीकडून झिजलेलं, म्हणजे गाडी सतत एकाच बाजूच्या वळणावर पळालेली. तळाच्या स्क्रूंच्या डोक्यांवर पेचकस घसरल्याचे ओरखडे, म्हणजे कोणीतरी उघडली होती. मागच्या आसाभोवती करड्या रंगाचा धागा गुंडाळलेला. गाडीला ट्रॅकशी धरून ठेवणारा चुंबक तळाला असतो, त्याच्या जागी नुसता रिकामा चौकोन. त्यांनी खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. पळवणारा त्यांचा मुलगा असणार, आणि तो आता पुण्याला. गाडी मी घेतली, पण वापरलेल्या गाडीच्या भावाने.

तर उलटी केलेल्या गाडीवर नजर या क्रमाने फिरवा. आधी ब्रेड, मग गाइड, मग स्क्रू, मग आस. त्यानंतर मागचं चाक दोन बोटांत धरून हलकेच हलवा. आस वर-खाली खेळत असेल तर बुश झिजलेत. चाक फिरवून दात्यांचा आवाज ऐका. एकसारखी घरघर चालेल, पण ठरावीक जागी 'टक्' झालं तर क्राउन गिअरचा, म्हणजे आसावरच्या दातेरी चक्राचा, दाता तुटलाय. टायर नखाने दाबा. चिवट रबर दबून परत येतं, मेलेलं रबर काचेसारखं लागतं आणि त्यावर बारीक तडे दिसतात.

मोटर तपासायला ट्रॅक लागत नाही. मल्टिमीटरमध्ये असते ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी खिशात ठेवा. तिचे दोन खांब दोन ब्रेडला क्षणभर टेकवा, मागची चाकं भिरभिरली पाहिजेत. अडखळत फिरली, जळका वास आला किंवा ब्रशजवळ मोठी ठिणगी दिसली तर भाव पाडा. एक मोटर मी आमच्या पंप रिवाइंडिंगवाल्याकडे नेली होती. त्याने ती तळहातावर ठेवली, दुकानातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली आणि चहा पाजून परत केली. असल्या मोटरी बांधत बसत नाहीत, नवीन टाकतात.

तळ झाला की मग बॉडी. रॅलीच्या गाडीत सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे पुढची जादा दिव्यांची पट्टी, मग आरसे, वायपर, छपरावरची अँटेना आणि मागच्या चिखलरोधक झडपा. तुटलेला आरसा चिकटवलेला असेल तर बुडाशी डिंकाची पांढुरकी छटा दिसते. उजेडात तिरकी धरा. आतून बॉडीचे स्क्रू जिथे बसतात त्या प्लॅस्टिकच्या खांबांना चीर आहे का, हे गाडी उघडल्याशिवाय कळत नाही. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून 'न वापरलेली' म्हणून घेतलेली माझी पहिली स्ट्रॅटोस अशीच निघाली. वरून नवी नवरी, आतून दोन खांब फुटलेले. आता फोटो मागवताना मी एकच अट घालतो : पहिला फोटो तळाचा.

डब्यावर 'मर्यादित आवृत्ती' छापलंय म्हणून जादा पैसे देऊ नका. किती नग काढले ते आकड्यात लिहिलं असेल आणि गाडीचा क्रमांक असेल तरच त्या शब्दांना वजन. मूळ डबा, आतला पारदर्शक साचा आणि गाडी ज्या पाटावर स्क्रूने बसते तो पाट, हे तिन्ही हवेत. आणखी एक : सिगारेट कंपन्यांच्या रंगातल्या गाड्यांवर अनेकदा ते नाव गाळून नुसते पट्टे छापलेले असतात. ती गाडी नकली नसते, खेळण्यावर तंबाखूचं नाव नको म्हणून तसं करतात.

पैशाचं बोलून टाकू. ब्रिटनमध्ये नवी १:३२ गाडी साधारण ४० ते ६० पौंडांना पडते. त्यावर टपाल आणि कस्टम. आपल्याकडे खेळण्यांवरची मूळ ड्युटी २०२० ला २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ ला ७० वर गेली. तुमचं पार्सल कोणत्या सदरात धरतात यावर शेवटचा आकडा ठरतो, म्हणून गाडीच्या किमतीइतकाच पैसा बाजूला काढून मगच मागवा. एकेक गाडी मागवण्यापेक्षा तिघांनी मिळून मागवली तर टपाल वाटलं जातं. माझ्या आत्याला पहिल्या पार्सलची किंमत कळली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हाई इतलीशी गाडीना इतला पैसा?" उत्तर आजही नाही.

चौथी पायरी : ट्रॅक हवाच

नुसती कपाटात ठेवायची तर साधी डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, गाडी घ्या, स्वस्त पडते. स्लॉट कार पळवली नाही तर तिचा तळ वाचायला तुम्ही शिकणार नाही.

फार काही लागत नाही. आठ बाय चारची एक प्लायवूडची शीट, त्यावर स्केलेक्स्ट्रिकची आठ वळणं आणि चार सरळ तुकडे (सरळ तुकडा ३५ सेंटिमीटरचा) टाकले की सुमारे दीड मीटर लांबीची दोन मार्गांची लंबगोल धाव बसते आणि बाजूला कंट्रोलर ठेवायला जागाही उरते. शीट दिवाणाखाली सरकवता येते. जुन्या आणि नव्या ट्रॅकचे सांधे वेगळे असतात, जोडायला खास तुकडा लागतो, म्हणून एकाच पिढीचा ट्रॅक घ्या. खाचेची खोलीही कंपनीगणिक बदलते. खोल पात्याची गाडी उथळ खाचेत तळाला टेकते आणि पुढची चाकं अधांतरी राहतात.

पहिली गाडी लांब आसांतराची घ्या. खऱ्या क्वात्रोच्या पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर २.५२ मीटर, मॉडेलमध्ये जवळपास आठ सेंटिमीटर. स्ट्रॅटोसचं २.१८ मीटर, म्हणजे सात सेंटिमीटरसुद्धा नाही. आखूड गाडी वळणावर शेपूट लगेच फिरवते. स्ट्रॅटोस दिसायला कितीही लाडकी असो, शिकायला एस्कॉर्ट किंवा क्वात्रो. मिनी तर उंच आणि आखूड, शिकाऊ हातात कोलांट्याच खाते.

चुंबक सुरुवातीला राहू द्या, तो गाडीला पट्ट्यांशी धरून ठेवतो. महिनाभराने काढून बघा. गाडी अचानक दुसरीच होते, मागून सरकू लागते, आणि रॅली म्हणजे काय ते तेव्हा कळतं. रॅलीच्या गाड्या शेजारी-शेजारी पळवण्यापेक्षा एकेक सोडून घड्याळ लावा. स्पेनमधले शौकीन तसंच करतात, खऱ्या रॅलीतही तसंच असतं. पाच फेऱ्यांचा वेळ, गाडी उडाली की पाच सेकंद दंड. रविवारी आम्ही चौघं हेच करतो.

पाचवी पायरी : आपलं ऊन, आपली धूळ

परदेशी माहितीपत्रकांत दमटपणाची काळजी असते. आपल्याकडे गोष्ट वेगळी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद मोटारीत त्याहून किती जास्त, ते सांगायला नको. मी एकदा स्ट्रॅटोस पश्चिमेच्या खिडकीत 'फक्त फोटोपुरती' ठेवली आणि लग्नाच्या पंगतीला निघून गेलो. परत आलो तेव्हा पुढची दिव्यांची पट्टी लोंबत होती आणि बॉनेट किंचित वर आलं होतं. ते अजून तसंच आहे. एप्रिल-मेमध्ये पार्सल मागवू नका, ते कुठल्या तरी गोदामात चार दिवस भाजत पडतं. गाड्या घरातल्या सगळ्यांत थंड भिंतीला ठेवा. गावाकडे धाब्याचं घर शाबूत असेल तर त्याच्यासारखी जागा नाही, मात्र वरून माती झिरपते, कपाट काचेचं आणि बंद हवं.

गाडी महिनोन्‌महिने टायरवर उभी ठेवू नका. टायर एका जागी चपटा होतो, आणि मऊ रबरातलं तेलकट द्रव्य प्लॅस्टिकला लागून त्यात खड्डा पाडतं. पाटाच्या स्क्रूवर गाडी अशी कसा की चाकं हवेत राहतील.

आणि कापूस. दिवाळीनंतर हवेत बारीक रुई उडत असते. ती ट्रॅकवर बसते, टायर उचलतात, आस गुंडाळतो. आठ-दहा दिवसांत गाडी जड पळू लागते आणि नवखा माणूस मोटरला शिव्या देतो. चाक काढायची गरज नसते. बारीक चिमट्याने धाग्याचं टोक पकडायचं आणि चाक उलटं फिरवत उकलायचं. टायर साफ करायला चिकटपट्टी उलटी अंथरून त्यावरून गाडी दोन-चारदा ओढायची. पट्ट्या कोरड्या सुती कापडाने पुसायच्या.

तेल शिलाई मशीनचं, आणि तेही सुईच्या टोकावर मावेल तेवढं, आस जिथे बुशमध्ये फिरतो तिथेच. जास्त झालं की टायरवर उडतं. खोबरेल घातलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. हिवाळ्यात ती जागची हललीच नाही. पेचकस घड्याळजीकडचा वापरा, मोठ्या पेचकसाने स्क्रूचं डोकं जातं. तारेचा टाका सुटला तर मोबाइल दुरुस्तीवाला दोन मिनिटांत मारून देतो. ब्रेड संपलं आणि नवं यायला महिना असेल तर त्याच्याकडची कथिल शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी कापून तात्पुरती बसते. ती ताठ असते, पण रविवार निभावतो.

वीज कमी-जास्त होते तेव्हा घड्याळ लावून शर्यत करू नका, संध्याकाळी पंप सुरू झाले की वेळा ढासळतात. अडॅप्टरला स्टॅबिलायझर द्या. ब्रिटिश पिनचा अडॅप्टर आपल्या बोर्डात कोंबायला जाऊ नका, त्याच व्होल्टचा इथला घ्या.

सहावी पायरी : वही

शंभर पानी साधी वही पुरे. प्रत्येक गाडीला एक पान : कधी घेतली, कितीला, कस्टम किती गेलं, तळाची अवस्था कशी होती, नंतर काय बदललं आणि काढलेला मूळ भाग कुठे ठेवलाय. काढलेला चुंबक आणि जुने टायर छोट्या पुडीत घालून डब्यातच ठेवा, विकताना त्यांचेही पैसे येतात. खोटी झीज, रंगवलेला चिखल यांच्या फंदात पडू नका. भाच्याने माझ्या एका गाडीला रॅलीची शोभा यावी म्हणून शेतातली काळी माती चोळली होती. ती रंगावरच्या छपाईसकट निघाली.

धुळ्याच्या त्या एस्कॉर्टचं पान समोरच उघडं आहे. 'ब्रेड बदलले. गाइड बदललं, जुनं डब्यात. चुंबक नव्हता, घातला नाही. आसावरचा धागा काढला, दीड वीत निघाला. पाच फेऱ्या, दोनदा उडाली.'